आधी उतार, मग चढ : लोणारची एक दिवसाची सहल

आम्ही उंद्रीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज पापड-लोणच्याचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं काही सांगणार नाही. आज सहलीचं बोलू.

सहल म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "काहून? काय काम हाय तिथं?" देवदर्शन म्हटलं की कोणी अडवत नाही. आमच्या गटानंही पहिल्यांदा लोणारला जाताना घरी 'कमळजादेवीच्या दर्शनाला जातो' असंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. देवी तिथं आहेच, सरोवराच्या अगदी काठाशी. पण आम्हाला सरोवरही पाहायचं होतं. आपल्या जिल्ह्यातली ही जागा बघायला दूरदेशीचे लोक येतात. आणि आमच्या गटातल्या निम्म्या बायांनी ती कधी पाहिली नव्हती.

आधी लोणार म्हणजे काय ते सांगतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या पठारावर फार फार पूर्वी आकाशातून एक मोठा दगड, म्हणजे उल्का, प्रचंड वेगानं येऊन आदळली. त्या धडकेनं जमिनीत वाटीसारखा गोल खड्डा पडला. काठापासून काठापर्यंत तो सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि सुमारे 137 मीटर खोल. म्हणजे पंचेचाळीस मजली इमारत आत उभी केली तर तिची गच्ची काठाला लागेल. पूर्वी पुष्कळ जण याला ज्वालामुखीचं तोंड समजत. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जबर धडकेच्या दाबानंच तयार होतात अशा खुणा इथल्या दगडांत सापडल्या, आणि उल्केची गोष्ट पक्की झाली. हे कधी घडलं? आधीच्या मोजणीत सुमारे 52 हजार वर्षांपूर्वी असं उत्तर आलं होतं. नंतरच्या एका मोजणीत ते साडेपाच लाख वर्षांहून जास्त निघालं. गावातली जुनी कथा वेगळी आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथं राहायचा, विष्णूनं त्याला मारलं, म्हणून गावातलं देऊळ दैत्यसूदनाचं. दोन्ही गोष्टी गाईडच्या तोंडून तिथंच उभं राहून ऐकायच्या.

आता पाण्याचं. सरोवराचं पाणी खारं आणि बुळबुळीत आहे. कारण आपल्या चुलीवरचं आहे. आमटी आटली की खारट होते ना? तसंच. भोवतालच्या पाषाणातले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर आणि झऱ्यांबरोबर आत येतात. बाहेर जायला ओढा नाही, नाला नाही. पाणी फक्त उन्हानं वाफ होऊन जातं, क्षार मागेच राहतात. हे क्षार धुण्याच्या सोड्याच्या आणि पापडखाराच्या जातीतले. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी एकदम गुलाबी झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तेव्हा कळलं, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. काठावरून, गोमुखाच्या धारेतून मात्र गोडं पाणी बारा महिने वाहतं. देवीच्या देवळाजवळ 'सासू-सुनेची विहीर' दाखवतात. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं म्हणतात. सरोवर भरलं की विहीर पाण्याखाली जाते, त्यामुळे दिसेलच असं नाही. आमच्यात त्या विहिरीवरून बरीच हसाहसी झाली. गोड बाजू कोणाची, हे अजून ठरलेलं नाही.

आता मुद्द्याचं. हिमालयात उंचावर सरोवरं आहेत. हिमाचलमधलं चंद्रताल 4 हजार मीटरहून उंच आहे. तिथं आधी चढायचं असतं, दम लागला की मागं वळायचं, आणि परतीला उतार असतो. लोणारचं उलटं आहे. इथं आधी उतरायचं. सकाळचा गारवा असतो, अंगात जोर असतो, गप्पा रंगतात, आपण झपझप खाली जातो. चढ उरतो शेवटी. तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, पाय थकलेले असतात, पाणी संपलेलं असतं. आणि वर आल्याशिवाय सुटका नसते, कारण खाली गाडी जात नाही.

आमचं पहिल्या वेळी हेच चुकलं. आम्ही आधी गावात फिरलो, चहापाणी केलं, देऊळ पाहिलं आणि बाराच्या सुमाराला खाली उतरलो. परतताना निम्म्या चढावर आमच्यातल्या एक काकू मटकन खाली बसल्या. चक्कर, घाम, तोंडातून शब्द निघेना. सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, घोट घोट साखर-मिठाचं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. तासाभरानं त्या उठल्या. मग खरं कळलं. त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. का? तर वाटेत लघवीला लागली तर जायचं कुठं! आणि उपास होता म्हणून रक्तदाबाची गोळीही घेतली नव्हती. आम्ही विचारलं, "काकू, सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुमची मजा काहून मोडू माय?"

मैत्रिणींनो, हे एकट्या काकूंचं नाही. आपल्यातल्या कितीजणी प्रवासात पाणी टाळतात? किती जणी दुखणं सांगत नाहीत? त्या दिवशी थोडक्यात निभावलं. म्हणून पुढच्या वेळी आम्ही सहल नव्यानं आखली. ती आता सांगतो.

महिना निवडताना आम्ही शेताकडं पाहिलं. सोयाबीन घरात आलेलं, तूर अजून शेंगेत, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट. थंडीही असते. उंद्रीहून चिखली, तिथून मेहकर आणि मग लोणार. एसटीनं गेलात तर मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. पण एसटीनं पोचायला उशीर होतो. सकाळी लवकर उतरायचं असेल तर गटानं मिळून गाडी ठरवणं बरं. आम्ही दर महिन्याच्या बैठकीत थोडे थोडे पैसे वेगळे काढले, म्हणजे ऐनवेळी कोणाला घरी हात पसरावा लागला नाही.

गाईड आदल्या दिवशीच ठरवा. किती पैसे, किती तास, कोणत्या वाटेनं नेणार, हे आधीच बोलून घ्या. त्याला आपल्यातली सगळ्यात वयस्क बाई किती वर्षांची आहे तेही सांगा. चांगला गाईड वाट दाखवतो, दगडाला लोहचुंबक लावून दाखवतो, आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांना वर आणतो. सरोवराभोवती वन्यजीव अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याचं तिकीट आणि नियम असतील ते पाळायचे.

आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. लोणारला पोचल्यावर आधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन घेतलं, कारण खाली सोय मिळेल असं धरून चालायचं नाही. मग पोटभर पाणी प्यायचं, शिवाय प्रत्येकीजवळ दोन लिटर. खालचं पाणी पिण्याचं नाही. गोळी चालू असेल तिनं ती घ्यायची, उपास त्या दिवशी नको. चप्पल नको, बूट किंवा मागून पट्टा असलेली सँडल. खाण्याची पिशवी हातात लोंबवू नका, माकडं ओढतात. दशम्या, ठेचा वर आल्यावर.

चढताना एक नियम केला : सगळ्यात हळू चालणारी बाई सगळ्यात पुढं. तिच्या मागं बाकीच्या. ती थांबली की सगळ्या थांबल्या. त्यामुळे कोणी मागं राहिलं नाही आणि कोणाला 'माझ्यामुळं खोळंबा झाला' असं वाटलं नाही. अकराच्या आत आम्ही वर होतो.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली उतरायचा हट्ट धरू नये. काठावरून अख्खं सरोवर दिसतं, दैत्यसूदनाच्या देवळातलं कोरीव काम बसून निवांत पाहता येतं. पण त्यांना एकटं सोडू नका, जोडीला एक जण ठेवा. त्या काकू यावेळी वरच थांबल्या, आणि खाली गेलेल्यांपेक्षा जास्त मोर त्यांनीच पाहिले!

शेवटचं. 2020 मध्ये लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळालं. त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही हे आत्ताच सांगितलं. म्हणजे आपण टाकलेलं प्लॅस्टिक, साबण, निर्माल्य आत गेलं की तिथंच राहतं. देवीला हात जोडा, पण ओटीची पिशवी परत आणा. दगड उचलून आणू नका.

दुसऱ्या वेळी घरी सांगताना आम्ही 'दर्शनाला जातो' म्हटलं नाही. 'लोणार पाहायला जातो' असं सरळ सांगितलं. कोणाच्या घरी दोन शब्द झाले, कोणाच्या घरी झाले नाहीत. पण गाडीत एकही जागा रिकामी नव्हती. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आणि पाणी प्या, बायांनो.