एका कॉमाचा लोच्या!

पुण्याच्या ऑफिसात बसून मी दिवसभर अमेरिकन क्लायंटचे रिपोर्ट बनवतो. त्यामुळे नांदेडच्या आमच्या घरी ‘पोरगं कॉम्प्युटरमधलं लई मोठं’ असा समज आहे. मागच्या दिवाळीत लातूरच्या मामाने फर्मान सोडलं, ‘आडतीच्या पट्ट्या कॉम्प्युटरवर करून दे.’ म्हटलं, त्यात काय! दोन रात्रींत जावास्क्रिप्टमध्ये छोटासा प्रोग्राम तयार. रंगीत बटणं, प्रिंट, सगळं एकदम सॉल्लिड.

तिसऱ्या दिवशी लोच्या झाला. एका गावच्या सात-आठ जणांनी मिळून पावणेतीनशे क्विंटल सोयाबीन आणलं होतं, पट्टी एकाच्याच नावे. हमाली-तोलाई जाऊन स्क्रीनवर रक्कम आली, १,२४२,०००. पहिला कॉमा दिसला की त्याच्या डावीकडे लाख, ही मुनीमजींच्या नजरेची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी सरळ चेक लिहायला घेतला, ‘एक लाख चोवीस हजार दोनशे...’

समोरचे म्हातारबाबा ताडकन उठले. ‘मालक, सोयाबीन इकलंय म्या, कडबा न्हाई!’

रक्कम होती बारा लाख बेचाळीस हजार. हिशेब अचूक होता, चुकलं होतं ते माझं दाखवणं.

फंडा असा, की कॉम्प्युटरच्या पोटात आकड्याला कॉमा नसतोच. तिथे नुसतं १२४२०००. कॉमा लागतो तो दाखवताना, आणि कुठे लागायचा ते आपण सांगितलेल्या देशावर ठरतं. अमेरिकेत दर तीन अंकांनी. जर्मनीत कॉमाच्या जागी टिंब. आपल्याकडे उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोन, कारण आपण हजार, लाख, कोटी असं मोजतो. मी ऑफिसच्या सवयीने ‘अमेरिका’ लिहून मोकळा झालो होतो. ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ या फंक्शनला ‘ईएन-आयएन’ सांगितलं आणि १२,४२,००० हजर. ‘एमआर-आयएन’ सांगितलं, तर कॉमा तर बरोबर येतोच, अंकही देवनागरी होतात. दुरुस्ती एका शब्दाची!

अजून एक खड्डा आहे. असा सजवलेला आकडा परत हिशेबात घ्यायचा नाही. ‘12,42,000’ हा मजकूर जावास्क्रिप्टच्या ‘पार्स-फ्लोट’ला दिलात, तर ते पहिल्या कॉमापाशी थांबतं आणि हाती येतात फक्त बारा! म्हणून बेरीज-वजाबाकी मूळ आकड्याची, कॉमा फक्त शेवटी, दाखवण्यापुरता.

तुम्ही कोड लिहीत नसाल, तरी एक्सेल उघडताच ना? तिथले कॉमाही विंडोजच्या रीजन सेटिंगवरून ठरतात. घरच्यांना होमलोनचा हिशेब पाठवण्याआधी तेवढं बघून घ्या.

म्हातारबाबांनी नवी पट्टी हातात घेतली, बोटाने एकेक कॉमा मोजला आणि मगच सही केली. इतकं कडक टेस्टिंग आमच्या ऑफिसातही कुणी करत नाही.