नजर गेलेल्या माणसाला घरात काम हवं, नुसती सेवा नको

लोणावळ्यातल्या आमच्या ओळखीच्या एका चाचांनी अनेक वर्षं चिक्कीच्या कारखान्यात काम केलं. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली. घरच्यांनी मनापासून सेवा केली. ताट हातात, वुजूचं पाणी हातावर, अंगणातसुद्धा एकटं जाऊ द्यायचं नाही. काही महिन्यांत चाचा बोलेनासे झाले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "सर, घरातले माझं सगळं करतात. पण मला कुणी काही सांगत नाही की चाचा, हे जरा करून द्या."

अशी घरं मावळात आणखीही असतील. म्हणून हा विषय आज मांडतो आहोत.

हे दुःख वेगळं असतं

जन्मापासून न दिसणारं मूल त्याच जगात वाढतं. पन्नाशीत नजर जाते तेव्हा मात्र हातातलं सुटतं: नोकरी, वाचन, नोट ओळखणं, नातवाचा चेहरा. म्हणून राग येतो, चिडचिड होते, माणूस कोपरा धरतो. अशा वेळी नुसतं "सब्र करा" म्हणून विषय संपवू नये. त्यांना बोलू द्यावं, रडू द्यावं. झोप उडाली, जेवण सुटलं, कित्येक आठवडे कशातच मन लागत नाही, असं दिसलं तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावं. "आता जगून काय करू" असं कुणी म्हणालं तर त्यांना एकटं सोडू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

"अंगणात मुलं दिसतात"

चाचांना मध्येच रंगीत कपड्यांतली मुलं दिसू लागली. घरात कुजबुज सुरू झाली, कुणी असर म्हणालं, कुणी वेड. दोन्ही चूक. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. स्वित्झर्लंडच्या बॉनेट यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला होता. डोळ्यांकडून संदेश कमी झाले की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. चित्रं मुकी असतात आणि ती खरी नाहीत हे समजावल्यावर माणसाला पटतं. वेड्यात काढतील या भीतीने पुष्कळ लोक हे लपवतात. त्यामुळे आपणच विचारावं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं. आवाजही ऐकू येत असतील किंवा माणूस गोंधळलेला वाटत असेल, तर मात्र वेगळी तपासणी लागते.

मदत कशी करावी

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांना दिसत नव्हतं, तरी मदीनेत ते फजरची अजान देत. सकाळ झाली हे लोक त्यांना सांगत, अजान ते स्वतः देत. घरातही असंच करता येतं. जे दिसत नाही ते आपण सांगायचं, काम त्यांनाच करू द्यायचं.

- बदना, टॉवेल, चप्पल, औषधं यांची जागा ठरवा आणि ती बदलू नका.
- ताटात भात कुठे, सालन कुठे, ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा.
- चालताना त्यांना ओढू नका. त्यांनी आपला कोपर धरावा, आपण अर्धं पाऊल पुढे राहावं.
- खोलीत येताना-जाताना आवाज द्या.
- फोनमधला टॉकबॅक सुरू करून द्या, फोन बोलू लागतो.
- लग्न, व्यवहार, मुलांची शाळा, प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत विचारा.

कुठे जायचं

आधी डोळे नीट तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनने नजर परत येऊ शकते. पुण्यात महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. आपल्या खंडाळ्यातच वृद्ध अंधांसाठी नॅब-लायन्सचं निवासगृह आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज होतो. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी वडगावच्या तहसील कार्यालयात करावी. आणि सरकारी नोकरीत असताना नजर गेली, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 प्रमाणे त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. घाबरून राजीनामा लिहून देऊ नका.

आमचे चाचा आता घरी बसून चिक्कीचे खोके घडी घालून देतात. मिळकत थोडीच आहे. पण रात्री जेवताना आज किती खोके झाले, हे ते स्वतःहून सांगतात. आपल्या मोहल्ल्यात असं कुणी घरात बसून असेल, तर या जुम्याला नमाजनंतर त्यांच्याकडे जाऊन या. आणि निघताना त्यांना एखादं काम सांगून या.