‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ म्हणजे काय? लिनक्समधल्या पॅकेजला नाव कसं मिळतं?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या कुरकुंभमध्ये, समजा, एका झेरॉक्सच्या दुकानात जुना कॉम्प्युटर पडून आहे. नवं विंडोज त्याला झेपत नाही, म्हणून दुकानदारानं त्यावर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली टाकली. आता लोकांचे अर्ज मराठीत टाइप करायचेत. फॉन्ट शोधायला गेल्यावर त्याला दोन नावं दिसतात: ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ आणि ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’. यातलं कोणतं घ्यायचं? उत्तर नावातच आहे, फक्त ते वाचता यायला हवं.

पॅकेज म्हणजे काय?

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर सहसा वेगवेगळ्या वेबसाइटवरून उतरवत नाहीत. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. प्रत्येकाचं स्वतःचं कोठार असतं. त्यात हजारो सॉफ्टवेअर तपासून, बांधून ठेवलेली असतात. असा एकेक गठ्ठा म्हणजे पॅकेज. आपण नाव टाइप करायचं, बाकी काम प्रणाली करते.

कुरकुंभच्या एमआयडीसीत एक प्लॉट नंबर दोन कारखान्यांना देता येत नाही. तसंच एका कोठारात एकाच नावाची दोन वेगळी पॅकेजं राहू शकत नाहीत.

नाव वाचायचं कसं?

‘फॉन्ट्स’ म्हणजे पॅकेजचा प्रकार. ‘लोहित’ हे फॉन्टच्या कुटुंबाचं नाव. संस्कृतमध्ये लोहित म्हणजे लाल, आणि हे फॉन्ट सांभाळण्यात रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. ‘देवा’ म्हणजे देव नव्हे, तर देवनागरी लिपीचा आंतरराष्ट्रीय संकेत. शेवटचा ‘मराठी’ हा शब्द महत्त्वाचा, कारण मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसतात. दुकानदारानं हेच पॅकेज घ्यायला हवं.

बाकीच्या नावांचंही असंच. शेवटी ‘एमआर’ दिसलं तर ते मराठीसाठी, कारण मराठीचा दोन अक्षरी संकेत तोच आहे. सुरुवातीला ‘लिब’ असेल तर ते दुसऱ्या प्रोग्रॅमना लागणारं सामायिक साहित्य. शेवटी ‘डेव्ह’ असेल तर ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी, साध्या वापरकर्त्याला त्याची गरज नसते.

देवनागरीत नाव देता येतं का?

नाही. डेबियनच्या नियमानुसार नावात फक्त छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि अधिक, उणे, टिंब ही तीन चिन्हं चालतात. नाव किमान दोन अक्षरांचं हवं आणि त्याची सुरुवात अक्षरानं किंवा आकड्यानं व्हायला हवी. हेच नाव फाइलला लागतं, कमांडमध्ये टाइप होतं, त्यामुळे ते जगातल्या कोणत्याही कीबोर्डवर उमटायला हवं. तोटा असा, की मराठी शब्द रोमनमध्ये नेताना स्पेलिंगचा घोळ होतो. ‘कुरकुंभ’च्या शेवटी कुणी एच लावेल, कुणी लावणार नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती दोन वेगळी नावं.

नावावरून वाद होतात का?

होतात, आणि मोठे होतात. ‘नोड’ हे नाव डेबियनमध्ये आधीपासून हॅम रेडिओच्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे होतं. पुढे नोड-जेएस जगभर गाजलं आणि त्यालाही तीच कमांड हवी होती. प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि 2012 मध्ये निकाल लागला. रेडिओच्या प्रोग्रॅमला नाव बदलावं लागलं.

दुसरा किस्सा फायरफॉक्सचा. मोझिलाचं म्हणणं होतं, की आमचं नाव वापरायचं तर लोगोही आमचाच हवा आणि बदलांना आमची मंजुरी हवी. लोगोचा परवाना डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमांत बसत नव्हता. म्हणून 2006 मध्ये डेबियननं त्या ब्राउझरचं नाव ‘आइसविझल’ केलं. समेट व्हायला 2016 उजाडलं.

नाव बदललं तर जुन्या वापरकर्त्यांचं काय?

डेबियनमध्ये फॉन्टच्या पॅकेजांची नावं आधी ‘टीटीएफ’नं सुरू व्हायची. पण तो फॉन्टच्या फाइलचा फक्त एक प्रकार, म्हणून पुढे ‘फॉन्ट्स’ हा शब्द आला. अशा वेळी जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज काही काळ ठेवतात. ते स्वतः काही करत नाही, फक्त नव्या नावाचं पॅकेज ओढून आणतं. दुकान हललं की जुन्या शटरवर नवा पत्ता चिकटवतात ना, तसंच.

एका अक्षरानं काय बिघडतं?

2017 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोठारात ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचं पॅकेज सापडलं. खऱ्या पॅकेजच्या नावात मधे एक आडवी रेघ होती, ती इथे नव्हती. घाईत चुकीचं नाव टाइप करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरची गुप्त माहिती हे नकली पॅकेज बाहेर पाठवत होतं. तिथे कुणालाही पॅकेज टाकता येतं. डेबियनमध्ये मात्र नवं पॅकेज आणणाऱ्यानं आधी तसा इरादा जाहीर करायचा असतो, आणि कोठारात घेण्याआधी स्वयंसेवकांचा गट ते तपासतो.

मग काळजी काय घ्यायची?

एकाच सॉफ्टवेअरची नावं वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युशनमध्ये वेगळी असतात. अपाची हा वेब सर्व्हर डेबियनमध्ये ‘अपाची-टू’ आहे, तर फेडोरात ‘एचटीटीपीडी’. म्हणून व्हॉट्सअपवर आलेली कमांड जशीच्या तशी चिकटवू नका. आधी ‘एपीटी सर्च’ करून नाव शोधा, मग ‘एपीटी शो’ करून पॅकेजचं वर्णन वाचा, आणि नंतरच इन्स्टॉल करा. दोन मिनिटं जास्त जातील, पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि सातबारा असतात, हे विसरून चालणार नाही.