गाठीला गाठ

संपादकांनी सांगितलं होतं, शिरूर-दौंडकडच्या घोड्यांवर लिहा. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. 31 डिसेंबर 1817 ला ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन स्टाँटन इथूनच पलटण आणि स्वार घेऊन पुण्याकडे निघाला, तो कोरेगावच्या लढाईत सापडला. आज घोडी दिसते ती बैलगाडा घाटात, बैलांच्या पुढं पळताना. 2014 ला बंद पडलेल्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2021 च्या आदेशानंतर पुन्हा भरू लागल्या. एवढ्यावर लेख झाला असता.

पण ओळखीच्या एका पशुवैद्य डॉक्टरांनी टेबलावर प्लॅस्टिकची पट्टी ठेवली आणि मी तिथंच अडकलो. वायरमन तारा बांधतो तो केबल टाय. ओढला की दातावर दात बसत जातात, मागं सरकत नाही. 2005 साली युरोपातल्या शल्यवैद्यांनी असाच नायलॉनचा टाय घोडीच्या पोटात, अंडाशयाच्या देठावर आवळल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

घोडीच्या अंडाशयात कधी ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ वाढते. काही घोड्या मग नरासारख्या वागू लागतात. (नुसती चिडकी आहे म्हणून अंडाशय काढायला निघालेल्यांपासून मात्र सावध राहावं, पुष्कळदा दुखणं पाठीत नाहीतर खोगिरात असतं.) पूर्वी योनिमार्गातून हात घालून, साखळीनं देठ चिरडून अंडाशय काढत. सगळं चाचपडत. आता भकाळीत छोटी भोकं पाडून दुर्बीण घालतात.

“डॉक्टर, उभ्यानंच?” मी विचारलं.

“उभ्यानंच. खोड्यात. आडवी करून पूर्ण भूल दिली तर शंभरात एखादं जनावर दगावतं. शिवाय उभी असली की आतडी खाली राहतात, अंडाशय समोर लोंबतं.”

गुंगीचं औषध, देठात बधिरतेची सुई, पोटात कार्बन डायऑक्साइड. कापणं सोपं, सगळी कसरत देठातली धमनी बंद करण्याची. दोऱ्याचा फास जाड, चरबीट देठावरून निसटू शकतो, म्हणून कापताना फासाबाहेर पुरेसा देठ ठेवावा लागतो. विजेचा चिमटा रक्तवाहिनी दाबून, तापवून तिच्या भिंती एकमेकींना चिकटवतो. चांगलं यंत्र 7 मिलिमीटरपर्यंतची नळी बंद करतं. गाठ मोठी असली की तिला रक्त पुरवणाऱ्या नळ्याही फुगतात, आणि यंत्राची हद्द संपते. तिथं आठवतो तो मागं न सरकणारा टाय.

माणसांच्या दवाखान्यातली हत्यारं घोडीला आखूड पडतात. डाव्या बाजूनं शिरताना सुई प्लीहेत घुसली तर नवाच रक्तस्राव. आणि याच प्लीहेचं दुसरं कसब डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी वही बाजूला ठेवली. रक्त गेलं की प्लीहा आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी प्रवाहात सोडते. तपासणीतला आकडा ठीक येतो. घोडी पोटातल्या पोटात रिकामी होत असते आणि कागद सांगतो, सगळं बरं आहे. चारशे किलोच्या घोडीत तीस-बत्तीस लिटर रक्त. त्यातलं बरंच गेल्यावर कळतं. द्यायचं म्हटलं तर रक्तासाठी दुसरा घोडाच उभा करावा लागतो.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर रात्री कागदावर भरवसा ठेवत नाहीत. डॉक्टरांनी शेजारच्या गोठ्यातल्या शांत घोडीचा ओठ उचलला, हिरडी अंगठ्यानं दाबली, सोडली. पांढरा ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला. मग जबड्याखाली माझी बोटं ठेवली.

“मोजा.”

मिनिटाला छत्तीस ठोके. तीन वेळा मोजले.