हिवाळ्यातील तलाव, ट्राउट आणि कृत्रिम माशी

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरच्या रस्त्यावर, बख्शी का तालाब ही वस्ती आहे. तिला नाव मिळाले ते तेथील जुन्या तलावावरून. जानेवारीत या भागात पहाटेचे तापमान ७-८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तळ्यांचे पाणी गारठले की रोहू, कटला व मृगळ हे मासे मंदावतात आणि त्यांचे खाणे पुष्कळ कमी होते. ट्राउटला मात्र असेच थंड पाणी मानवते. मग या तळ्यांत ट्राउट का सोडू नये, असा प्रश्न एखाद्या तळ्याच्या मालकास पडला तर नवल नाही.

त्याचे उत्तर जानेवारीत सापडत नाही. ते मे महिन्यात सापडते. पाणी तापू लागले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. शून्य अंशावर एक लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांवर ९.१, तर ३० अंशांवर केवळ ७.५. उलट, उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज वाढते. ट्राउटला साधारणपणे १० ते १६ अंशांचे पाणी सुखावह असते. २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. लखनौच्या उन्हाळ्यात हवा ४० अंशांपर्यंत तापते, आणि उथळ तळ्यात माशाला आश्रय घेण्यासारखा गार थर उरत नाही. दोन-तीन थंड महिन्यांत बोटभर पिलाचा ताटातील मासा होत नाही. तेव्हा उघड्या तळ्यात ट्राउटच्या बिजावर केलेला खर्च बुडालाच म्हणून समजावे.

म्हणूनच भारतात हा परदेशी मासा रुजला तो डोंगरांत. स्कॉटलंडहून आणलेली तपकिरी ट्राउटची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये सुखरूप पोचली. निलगिरीत १८६३ पासून प्रयत्न चालू होते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी इंद्रधनुषी ट्राउटने जम बसविला.

तेथील खोल जलाशयांत शरद ऋतूच्या अखेरीस एक मोठा बदल घडतो. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट व हलके, तर खालचे गार व जड असते. दोहोंची मिसळण होत नाही आणि तळाशी प्राणवायू कमी पडतो. थंडी सुरू झाली की पृष्ठभागाचे पाणी निवून खाली जाते, वारा त्यास ढवळतो आणि तलाव वरपासून खालपर्यंत एकसारखा होतो. आतापर्यंत ठराविक थरात कोंडलेला ट्राउट मग कोठेही संचार करू शकतो. गळ टाकणाऱ्याचे काम येथेच अवघड होते.

कृत्रिम माशी म्हणजे पिसे व धागा गळावर बांधून केलेली कीटकाची प्रतिकृती. (माशाला माशीने फसवावे, हा योग मराठीतच जुळतो!) हिवाळ्यात पाण्यावर उडणारे कीटक विरळ होतात, म्हणून तरंगती माशी बहुधा व्यर्थ ठरते. इंग्लंडातील ब्लॅग्डन जलाशयाकाठी राहणारे डॉक्टर बेल यांनी १९२० च्या सुमारास पकडलेल्या ट्राउटची पोटे चिरून आतील अन्न तपासले आणि त्याबरहुकूम माश्या बांधल्या. चिलटासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या पाण्यातील अवस्था, म्हणजे अळ्या व कोश, हे ट्राउटचे एक मोठे अन्न होय. थंडीतही ते तळाजवळ मिळते. तेव्हा लहान, गडद रंगाची प्रतिकृती खोल बुडू द्यावी व दोरी अगदी सावकाश ओढावी. थंड रक्ताच्या माशाचे पचन मंद झालेले असते. पळत्या भक्ष्यामागे तो शक्ती खर्चीत नाही. दुपारचे दोन-तीन तास सर्वांत फलदायी.

तथापि हाच काळ ट्राउटच्या विणीचा आहे. स्थिर पाण्यात तो वाढतो, परंतु अंडी घालण्यास त्याला वाहत्या ओढ्यातील स्वच्छ खडी लागते. अंड्यांस १० अंशांच्या पाण्यात फुटावयास सुमारे महिना लागतो. म्हणून काश्मीरमध्ये साधारणपणे ऑक्टोबरपासून मार्चअखेर ट्राउटची शिकार बंद असते. इंग्लंडातील अनेक जलाशयांत हिवाळाभर गळ चालतो, तो मुख्यतः बाहेरून सोडलेल्या, बहुधा वंध्य, इंद्रधनुषी ट्राउटसाठी. जेथे परवानगी आहे तेथेही अंड्यांनी भरलेली मादी गळास लागल्यास हात ओले करून, तिला पाण्याबाहेर न काढता, गळ सोडवावा. यासाठी आकडीला उलटा काटा नसलेला बरा.