घर बांधताना बाईला विचारलंत का?

मैत्रिणींनो, आमच्या बेल्ह्यात आणि आसपासच्या गावांत कुठंही जा, एखाद्या तरी दारात वाळूचा ढीग आणि विटांची थप्पी दिसतेच. कुणाचं नवं घर, कुणाचा वरचा मजला, तर कुणाची मागच्या अंगाला पत्र्याची खोली. मुलगा लग्नाचा झाला की खोली वाढवावीच लागते. पण मिस्त्रीशी बोलायला बसतं कोण? घरातले पुरुष. आणि त्या खोलीत दिवसभर वावरणार कोण? आपण!

बचत गटाच्या कामानं माझं घरोघरी जाणं होतं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली दहा मिनिटं बसवत नाही. एकजण म्हणाली, "ताई, खालून चुलीचा चटका आणि वरून पत्र्याचा. भाकरी भाजतीय का मी, तेच कळंना!" आम्ही सगळ्या हसलो. पण तिची सात महिन्यांची गरोदर सून त्याच खोलीत झोपते हे कळलं आणि हसू मावळलं. अति उष्णता गरोदरपणी आई आणि बाळ दोघांनाही घातक असते. शेवटी सुनेची खाट शेजारच्या जुन्या धाब्याच्या घरात हलवली.

तिथं गारवा का? दीड-दोन फूट रुंद मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यातून ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते. पत्रा लगेच तापतो आणि धग खाली सोडतो, थंडीत पहाटे तितकाच गार पडतो. स्लॅबचं दुखणं वेगळं. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपण अंग टाकलं की ओकायला लागतो. वर पंखा फिरतो, पण वारा गरमच.

आता मातीच्या घराची दरवर्षीची डागडुजी सगळ्यांना जमत नाही, हे खरं. मग पक्क्या घरातच काय करता येईल?

स्लॅब असेल तर पाडव्याच्या आधी गच्ची घासून धुवा आणि पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. अहमदाबाद महापालिकेनं २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छपरं अशीच पांढरी करायला घेतली. तेलंगणा सरकारनं तर २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं.

पत्रा असेल तर त्यालाही पांढरा रंग द्या. वर हातभर अंतर सोडून शेडनेट बांधा किंवा मांडव करून दोडक्याचा, घोसाळ्याचा वेल चढवा. मधून हवा खेळली पाहिजे. आतून थर्माकोल मात्र लावू नका, विशेषतः स्वयंपाकघरात. ते पटकन पेट घेतं आणि धूर विषारी असतो.

नव्यानं बांधत असाल तर पश्चिमेला मोठी खिडकी नको. खिडक्या समोरासमोर ठेवा, वर छज्जा काढा, चुलीच्या वर झरोका ठेवा. केरळात घरं बांधणारे लॉरी बेकर विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी सोडायचे. या 'रॅट ट्रॅप' पद्धतीनं सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

विजेचाही हिशेब करा. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट. नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास, म्हणजे नऊच युनिट. पण छप्परच तापलेलं असेल तर कुठलाही पंखा काय करणार? आधी छप्पर, मग पंखा.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. पण ती मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी. आपल्या दोन खोल्यांचं कुणी विचारायला येणार नाही.

म्हणून आपणच विचारायचं. आमच्या गटात खोलीसाठी कर्ज मागितलं की आता पहिला प्रश्न असतो, "वर काय टाकणार, आणि खिडकी कुठं?" पाया खणायच्या आधी तुम्हीही मिस्त्रीसमोर बसा. चहा द्यायला म्हणून नको, बोलायला बसा!