*बैल का बुजतो? कारण कानात आहे* 🐂



पोळा जवळ आला. तोरणाखाली शांत उभा बैल एकदम बुजतो, कासरा ओढतो. आपण म्हणतो, बैल माजला. पुष्कळदा कारण आवाजाचं असू शकतं.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून पाहा, एकच ठराविक आवाज घुमतो. कानाची नळीही तशीच: एक तोंड उघडं, दुसऱ्या टोकाला पडदा. नळीच्या मापाला जुळणारा आवाज आत घुमून मोठा होतो. माणसाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणून ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपल्याला जास्त जाणवतो.

जनावराची नळी वेगळी, कानाची पाळी मोठी, म्हणून ऐकणंही वेगळं. गाय-बैलाला सगळ्यात चांगलं ऐकू येतं ८००० हर्ट्झजवळ, आणि वर ३५००० पर्यंत. आपलं २०००० ला संपतं. म्हणजे शिट्टी, फाटकाचा खणखणाट, स्पीकरचा चिरका आवाज त्याला जास्त टोचतो. त्यात आवाज नेमका कुठून आला हे बैलाला माणसाइतकं बारीक कळत नाही, म्हणून तो जास्त घाबरतो.

*काय करावं?*
✅ पोळ्यात बैल डीजे आणि फटाक्यांपासून लांब उभे करा.
✅ गोठ्याच्या फाटकाच्या बिजागरीला तेल द्या, आदळतं तिथं जुन्या टायरचा तुकडा लावा.
✅ मागून जाताना आधी हळू आवाज द्या.
✅ बैल सारखा कान झटकत असेल, मान वाकडी धरत असेल, कानातून घाण वास येत असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. मनानं कानात तेल टाकू नका.

काही शंका असल्यास ग्रुपवर विचारा.